उपाशीपोटी न घ्यायचं नाव

माझ्या सासरच्या गावाचं नाव निरमणी. हे वाक्य मी जेवण झाल्यावर लिहायला घेतलंय, हे आधीच सांगून टाकते. हसायचं असेल तर खुशाल हसा. लग्न होऊन आले तेव्हा मीही हसले होते.

भालकी तालुक्यात, खटकचिंचोळीच्या पुढं नऊ-दहा किलोमीटरवर, लाल मातीच्या चढावर हे गाव आहे. घरात मराठी, बाजारात कानडी आणि भांडण पेटलं की दोन्ही, अशी इथली बोली. माझं माहेर उदगीरचं. बारावी झालेली, वर्तमानपत्र वाचणारी सून म्हणून माझा तोरा होता, आणि तो पहिल्या आठवड्यातच उतरला.

नवऱ्याबरोबर मी माहेरी निघाले होते. सकाळची पहिली बस फाट्यावर थांबली, आम्ही चढून बसलो तरी कंडक्टर ओरडतच होता, "वरलं गाव, वरलं गाव, उतरा." मला वाटलं, याला गावाचं नाव माहीत नसावं. मी शहाण्यासारखी मोठ्यानं म्हणाले, "निरमणी म्हणा की." बसमधलं बोलणं थांबलं. शेजारच्या बाईनं मांडीवर सोडलेलं भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं आणि पिशवीत ठेवलं. नवरा खिडकीबाहेर बघत बसला, जणू मी त्याची कुणीच नव्हते.

नियम मला त्यानं वाटेत सांगितला. सकाळी तोंडात घास पडेपर्यंत या गावाचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर त्या दिवशी अन्न मिळत नाही, समोर आलं तरी तोंडापर्यंत पोचत नाही. म्हणून आजूबाजूची गावं सकाळी 'वरलं गाव' म्हणतात आणि गावातली माणसं नुसतं 'ऊर' म्हणतात, म्हणजे कानडीत गाव. जेवण झालं की नाव मोकळं. मग दिवसभर हवं तितक्यांदा घ्या.

कारण विचारलं तर एकच गोष्ट सांगतात. फार पूर्वी एक जंगम भिक्षेला आला. पहिल्या घरानं त्याला पुढच्या घरी धाडलं, पुढच्यानं त्याच्या पुढच्या. असं करत करत तो गावाच्या शेवटच्या घरापर्यंत गेला आणि रिकाम्या झोळीनं वेशीबाहेर पडला. त्यानं शाप दिला नाही, एक शब्दही बोलला नाही. मला तेच जास्त भीतीदायक वाटतं. शापाला निदान उःशाप असतो.

त्या दिवशी उदगीरला आईनं पुरण घातलं होतं. पानं मांडली आणि थोरल्या चुलत्यांच्या घरून निरोप आला की चुलती गेली. शिजलेलं सगळं गाईला घातलं. आम्ही दोघं परतीच्या बसमध्ये उपाशी बसलो. चुलती वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती, ती कधीही जाणार होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण भीतीला कळण्याशी काही देणंघेणं नसतं. त्यानंतर मी सकाळी ते नाव घेतलं नाही.

पुढं मी गावातच अंगणवाडीताई झाले. सकाळीच वरून फोन यायचे. मी पदराला फुटाण्याची पुरचुंडी बांधून ठेवायला लागले. फोन वाजला की आधी चार फुटाणे चावायचे आणि मग सांगायचं, "निरमणीची अंगणवाडी, बोला." आमच्या पर्यवेक्षिकेला वाटायचं की ही बाई सदा चरत असते. वाटू दे म्हटलं.

गावाला आपल्या नावाची भीती होती, पण ते नाव गावात राहायला तयार नव्हतं. ते कसं कसं पसरत गेलं, हे मी गेल्या तीस वर्षांत डोळ्यांनी पाहिलंय. आधीचं ऐकलेलं वेगळंच. निजामाच्या काळात आमच्यातली चार घरं हैदराबादला गेली, ती राहिली त्या बोळाला लोक निरमणी गल्ली म्हणतात. सोलापूरच्या गिरण्यांत गेलेल्यांनी आडनाव निरमणीकर लावलं. भालकी-बीदरमध्ये 'कर' लागत नाही, इथं आडनाव सरळ निरमणी. तेलंगणात गेलेल्यांचं ते नावाच्या आधी 'एन.' या एका इंग्रजी अक्षरात जाऊन बसलं. ऊसतोडीला गेलेली माणसं सांगलीकडं कालव्याकाठीच राहिली, त्यांच्या वस्तीला आता पाटी आहे, शाळा आहे, आणि शाळेच्या भिंतीवर निरमणी वस्ती असं लिहिलेलं आहे. तिथल्या पोरांनी हे गाव कधी पाहिलेलं नाही.

मग फोन आले आणि फोनवर गावचा ग्रुप झाला. तेव्हा कळलं की नाव कुठवर पोचलंय. कॅनडातला एक इंजिनिअर तिथं मिस्टर निरमणी आहे. त्याच्या बायकोच्या गोऱ्या मैत्रिणीला हा शब्द इतका आवडला की तिनं आपल्या मुलीचंच नाव ते ठेवलं. सोनेरी केसांची ती पोर केकसमोर बसलेली, आणि केकवर साखरेनं आमचं गाव लिहिलेलं, असा फोटो आला. मी म्हटलं, कुणी कुत्र्याला ठेवू नये म्हणजे मिळवली.

सगळ्यांवर कडी केली माझ्या दिरानं. तो आखातातल्या एका बंदरात मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणाऱ्या बोटीवर काम करतो. मालकानं नवी बोट घेतली आणि सगळ्यात जुना कामगार म्हणून नाव सुचवायचा मान याला दिला. यानं दुसरं काय सुचवायचं? बोटीच्या लाल अंगावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी आणि अरबीत आमच्या गावाचं नाव रंगवलं गेलं. ज्या गावातल्या माणसांनी विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, त्या गावाची समुद्रावर बोट. ग्रुपवर दोन दिवस हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला.

मी तो फोटो सासूबाईंना दाखवला. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांना वाचता येत नाही, पण बोट ओळखता येते. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ह्या बोटीला हाका मारतेत का?"

"व्हय. धक्क्यावरून वायरलेसवर नाव घेऊन बोलवतेत."

"सकाळीबी?"

"दिवसभर. सकाळी जास्त."

"त्या माणसांनी खाल्लेलं असतंय का?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "आत्या, त्यांना काय ठाऊक. ते दुसऱ्या देशातले."

"त्यांला ठाऊक न्हाई, खरं नावाला ठाऊक हाय की," आत्या म्हणाल्या.

त्यांची समजूत काढावी म्हणून मी शहाणपणा केला. ताटातलं लिंबू उचललं, कंदिलासमोर धरलं आणि दाखवलं की आपल्याकडं दुपार असते तेव्हा कॅनडात झोपायची वेळ असते, आणि दिराकडं आपल्यापेक्षा उशिरा उजाडतं. अंगणवाडीतल्या पोरांना शिकवते तसंच शिकवलं. आत्यांनी लिंबू हातात घेऊन दोनदा फिरवलं.

"म्हंजी कुठं ना कुठं सकाळ असतीच."

"असतीच."

"आन कुणी ना कुणी उपाशीपोटी नाव घ्यायलंच असंल."

त्यांनी लिंबू ताटात ठेवलं आणि हात धुवून उठल्या. जेवण अर्धं राहिलं होतं. त्यानंतर कुठूनही वाईट बातमी आली, बैल बसला, कुणाची नोकरी गेली, की आत्या माझ्याकडं बघायच्या. मला त्या नजरेचा राग यायचा. आणि खरं सांगायचं तर त्या लिंबानं माझीही झोप उडवली होती. आधी भीती गावापुरती होती, सकाळपुरती होती. घास खाल्ला की संपायची. आता ती संपायला जागाच नव्हती.

हे सगळं मी सांगतेय ते माझ्या लेकीच्या बाळंतपणासाठी. तीन वर्षांपूर्वी ती आठव्या महिन्यात माहेरी आली. जावई मूळचे औराद तालुक्यातल्या चिंताकीचे, बीदरजवळच कोळारला एका गोदामात कामाला, राहायला बीदरात. त्यांचं म्हणणं होतं की बीदरातच ठेवू, तिथं दवाखाने जवळ आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हा हट्ट माझा. मी जावयांना म्हणाले, "मी अंगणवाडीताई हाय. गावातल्या पन्नास बायकांची बाळंतपणं मार्गी लावलीत. माझ्या लेकीची काळजी तुम्ही करू नका."

त्यात खोटं काही नव्हतं. गरोदर बायकांना मीच शिकवत असे. ॲम्ब्युलन्सला फोन लावायचा, आधी गावाचं नाव सांगायचं, मग तालुका, मग जवळची खूण. घाबरायचं नाही, नाव स्पष्ट सांगायचं. हे मी त्यांच्याकडून पाठ करून घेत असे. बायका लाजत नाव सांगायच्या आणि मी म्हणायची, मोठ्यानं.

श्रावण होता. लेकीचं सुखरूप व्हावं म्हणून मी सोमवार धरले होते. संध्याकाळी पूजा झाल्यावरच खायचं, तोवर पाणीही बेतानं. दुसऱ्या सोमवारी गावातलं एक लग्न हुमनाबादला होतं, श्रावणातलं लग्न म्हणून लोक कुजबुजत होते, पण गावातल्या दोन्ही जीपा आणि टमटम भरून वऱ्हाड पहाटेच गेलं. माझा नवरा त्यातच होता. उजाडल्यावर आठ वाजले असतील. लेक मोरीतून "आई" म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली. मी गेले तर तिच्या पायांखाली रक्त होतं. कळा नाहीत, काही नाही, नुसतं रक्त.

मी बाळंतपणं पाहिलेली बाई. हे कसलं रक्त आहे ते मला कळलं, वार बाळाच्या वाटेत आडवी आली होती. आत्या पूजेला बसल्या होत्या, तशाच उठल्या. दोघींनी तिला आत आणून निजवलं, पायांखाली उशा दिल्या. आत्या तिच्या उशाशी बसल्या. मी फोन घेऊन अंगणात आले, कारण आत रेंज नसते.

फोन लगेच लागला. पलीकडं एक तरुण मुलगी कानडीत बोलत होती, शांतपणे. काय झालंय ते मी सांगितलं. किती महिने झाले ते सांगितलं. तिनं विचारलं, "गाव?"

माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

आजवर मी शंभर वेळा विचार केलाय की त्या क्षणी काय झालं. मला नाव आठवत होतं. जिभेवर होतं. पण मी उपाशी होते, आणि संध्याकाळपर्यंत खायचं नाही असं लेकीच्या नावानं बोलून बसले होते. पदराला फुटाणे होते. मी गाठ हातात धरलीसुद्धा. उपास मोडावा तर लेकीचं वाईट होईल, नाव घ्यावं तर लेकराच्या तोंडचं दूध जाईल. बाळ अजून पोटात होतं आणि मी त्याच्या दुधाची काळजी करत होते. मी म्हणाले, "वरलं गाव. खटकचिंचोळीच्या पुढं. वरलं गाव."

"अव्वा, गावाचं नाव सांगा."

"सगळ्यांला ठाऊक हाय. चिंचोळीत कुणालाबी विचारा, वरलं गाव म्हणून."

मुलीनं दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. शेवटी ती म्हणाली की गाडी खटकचिंचोळीला पाठवते, तिथून तुम्ही रस्ता सांगा. मी फोन ठेवला आणि मला वाटलं की मी मार्ग काढला. खरंच वाटलं. मी स्वतःवर खूशही झाले असेन थोडी.

चिंचोळीच्या स्टँडवर सकाळी कोण असतं? चहा पिणारे चार लोक. तिथं रस्ता दोन्हीकडं चढतो. ड्रायव्हरनं वरलं गाव विचारलं आणि कुणीतरी त्याला दुसऱ्या चढावरचं गाव दाखवलं. त्या गावालाही तिथली माणसं वरलंच म्हणतात. खालच्यांनी चढावरच्या सगळ्याच गावांना वरलं म्हणावं, यात त्यांचं काही चुकलं नाही.

वीस मिनिटं झाली, गाडी नाही. मी आत गेले, बाहेर आले. लेकीचे ओठ पांढरे दिसत होते. आत्यांनी तिच्या तळपायांना चोळायला घेतलं होतं. मी शेजारच्या पोराला मोटारसायकलवर फाट्याकडं पळवलं. हातातला फोन थरथरला आणि मी ॲम्ब्युलन्सचा असेल म्हणून घाईनं पाहिला. गावचा ग्रुप होता. सांगलीकडच्या वस्तीवरून कुणीतरी उगवत्या सूर्याचं चित्र टाकलं होतं, शुभ सकाळ निरमणी. सोलापूरच्या निरमणीकरांनी बेलाचं पान. दिरानं बोटीचा फोटो, मागं नुकतं उजाडलेलं पाणी आणि पुढं ती पांढरी अक्षरं. सगळं जग माझ्या हातात माझ्या गावाचं नाव घेत होतं, न खाता, न घाबरता. आणि मला ते एकदा घेता येत नव्हतं.

ड्रायव्हरचा फोन आला. तो वैतागलेला होता. "अव्वा, मी वर आलोय. इथं कुणाच्या घरी पेशंट न्हाई. तुमचं गाव कुठलं?"

"वरलं," मी म्हणाले. मला रडू फुटलं. "दादा, वरलं गाव."

"इथली सगळी वरलीच हायत. नाव काय?"

मी पुन्हा वरलं म्हणाले. तेवढ्यात फोन माझ्या हातातून गेला. आत्या केव्हा बाहेर आल्या ते मला कळलं नाही. त्यांनी फोन कसा धरायचा असतो हेही कधी शिकून घेतलं नव्हतं. तो त्यांनी तोंडासमोर वाटीसारखा धरला. पूजा अर्धी टाकून उठलेल्या, तोंडात पाण्याचा थेंब नाही. या घरात सून म्हणून आल्यापासून साठ वर्षं ज्यांनी सकाळी ते नाव उच्चारलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "निरमणी. निरमणी हाय गावाचं नाव. निरमणी, तालुका भालकी. मारुतीच्या देवळासमोरलं घर. ये बाबा लवकर."

मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "आत ये. पोरीचा हात धर." तेवढंच.

गाडी आली तेव्हा पहिल्या फोनला तासाभरावर वेळ होऊन गेला होता. एरवी पंचवीस मिनिटं लागतात. भालकीच्या दवाखान्यात लेकीचं पोट उघडून मुलगी काढली. लेक वाचली. मुलीला बीदरला नेऊन काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळाला जन्माच्या आधी हवा कमी पडली आहे, वेळ गेला आहे. किती गेला, असं मी विचारलं नाही.

बाळाला ओढून दूध पिता येत नव्हतं. नाकातून नळी होती. दूध पोटात जात होतं, पण तोंडातून नाही. मी काचेपलीकडून ती नळी पाहिली. आत्या मागून आल्या होत्या. त्यांनीही पाहिली. त्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडलं. पाणी तेवढं घ्यायच्या. मी पाया पडले, नवऱ्यानं समजावलं. त्या म्हणाल्या, "नाव म्या घेतलंय. कुणाचं अन्न तटवायचं असंल तर माझं तटव म्हणावं. लेकराचं सोड." अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई दवाखान्याच्या व्हरांड्यात चार दिवस उपाशी बसून होती. चौथ्या दिवशी दुपारी नर्स येऊन सांगून गेली की बाळ प्यायला लागलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडून अर्धी भाकरी मागून घेतली.

जावई दुसऱ्या दिवशीच माझ्यासमोर उभे राहिले होते. आत्या शेजारी होत्या. जावयांनी ड्रायव्हरला गाठलं होतं.

"तो म्हणायलाय, फोनवरल्या बाईनं आधी गावाचं नावच सांगितलं न्हाई. कोण होतं फोनवर?"

आत्या म्हणाल्या, "मी होते."

"कामून सांगितलं न्हाई?"

"सकाळ होती बाबा. आमच्यात घेत न्हाईत. म्हातारपणी डोकं चालत न्हाई."

जावयांनी त्यांच्याकडं जसं पाहिलं तसं कुणी माझ्याकडं पाहिलेलं मी सहन केलं नसतं. ते म्हणाले, "ह्या म्हातारीच्या सावलीला माझं लेकरू येणार न्हाई." ते शब्दाचे पक्के आहेत. नात आजवर निरमणीत आलेली नाही, आणि आत्यांनी तिला त्या काचेतून पाहिली तेवढीच.

मी का बोलले नाही? भीती वाटली. याहून चांगलं कारण मला तीन वर्षांत सापडलेलं नाही. नवऱ्याला संशय आहे, कारण आपल्या आईला फोन लावता येत नाही हे त्यालाही माहीत आहे. त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लेक अर्धवट शुद्धीत होती, तिला आजीचा आवाज नाव घेताना ऐकू आला होता. म्हणजे तिच्यासाठीही फोनवर आजीच होती.

घरी आल्यावर एकदा मी आत्यांसमोर बसले. म्हटलं, उद्याच बीदरला जाते आणि जावयांना खरं सांगते. आत्या तूर निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"सांगून काय करतीस?"

"तुमच्यावरचा आळ जाईल."

"आन तुझ्यावर येईल. मग तुलाबी दार बंद. लेकराच्या पायाला तेल कोण चोळायचं? त्याची आई येकटी पडंल." सुपातले खडे त्यांनी बाजूला काढले. "दोघीतल्या एकीला तरी जाऊ दे. मी लई लेकरं खेळवलीत, माय."

मला वाटलं होतं की त्या रागावतील, रडतील, निदान मला एकदा तरी सुनावतील. मी तयारीनं गेले होते. त्यांनी सूप पाखडलं आणि मी उठून चूल पेटवली. त्यानंतर आमच्यात हा विषय निघालेला नाही.

नात तीन वर्षांची झाली. डावा पाय ओढते, बोलायला उशीर आहे, पण हसते छान. पंधरा दिवसांनी मी बीदरला जाते, तिचा पाय मांडीवर घेऊन तासभर चोळते. परत आले की आत्या दारातच विचारतात, "जेवली का गे पोरगी?" मी सांगते, जेवली. काय खाल्लं, किती घास, कुणाच्या हातानं, हे सगळं त्या विचारून घेतात. आताशा त्यांना कमी दिसतं, पायऱ्या उतरताना त्या भिंत धरतात. त्या गेल्यावर मी खरं सांगितलं तर त्याचा कुणाला काय उपयोग, हा विचार मला बसमध्ये येतो.

गेल्या खेपेला मी तेल चोळून बसले होते आणि जावई कोळारहून घरी आले. त्यांनी पिशवी ठेवली, पोरीला पहिल्यांदाच भिंत सोडून चार पावलं टाकताना पाहिलं. ते खाली माझ्यासमोर येऊन बसले. त्यांचे डोळे भरले होते. जावई मला अत्ती म्हणतात, म्हणजे कानडीत सासू. म्हणाले, "अत्ती, त्या दिवशी तुम्ही घरात होता म्हणून बरं झालं. त्या म्हातारीच्या भरवशावर असती तर माझी पोरगी वाचली नसती."

पोरगी माझ्या गुडघ्याला धरून उभी होती. मी म्हणाले, "व्हय."